डावं-उजवं ओळखणारी पेन्सिल: नाशिकच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. टीम दोघांची, मी आणि निफाडचा माझा पार्टनर, ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे दोन रेणू, एल आणि डी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. ते पेन्सिलीच्या लीडवर विजेने वेगळे ओळखायचे, एवढंच काम. कुणी हे करायला घेणार असेल तर आमचे तीन महिने वाचून बघा, तुमचा त्यातला एक तरी वाचेल.

६ जानेवारी २०२५, सोमवार

सामान आलं. एल-ट्रिप्टोफॅन २५ ग्रॅम ८५० रुपये, डी-ट्रिप्टोफॅन फक्त ५ ग्रॅम ३,९०० रुपये. निसर्ग प्रथिनांत एलच वापरतो, त्यामुळे डीला हा भाव. पार्टनर म्हणाला, "एवढ्यात आमच्याकडे फवारणीचं औषध येतं." बाटली मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली.

ट्रिप्टोफॅनच घेतलं कारण ते स्वतः इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतं, वेगळा सूचक लागत नाही. पीएच ७ ला साधारण ०.७ व्होल्टच्या आसपास करंटच्या आलेखात शिखर दिसतं. यासाठी नेहमी वापरतात तो, तीन मिलिमीटरचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड डिपार्टमेंटमध्ये एकच आहे आणि तो पीएचडीवाल्यांच्या ताब्यात. म्हणून ०.७ मिमीची एचबी लीड, स्टेशनरीच्या दुकानातली, डबी २५ रुपये. क्लच पेन्सिलीच्या धातूच्या टोकाला तांब्याची तार डाग दिली की झाला इलेक्ट्रोड.

१० जानेवारी

लॅबच्या रेफरन्स इलेक्ट्रोडची (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) फ्रिट, म्हणजे टोकाचा सच्छिद्र बूच, कोरडी पडलेली. केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात) दोन रात्री बुडवून ठेवला, तरी रीडिंग भरकटतंच. सर म्हणाले, घरी बनवा.

त्यासाठी चांदीची तार हवी, तिच्यावर ब्लीचने सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवायचा. म्हणून सराफ बाजारात गेलो. पहिल्या दुकानातून आणलेली तार दागिन्याची निघाली. ती ब्लीचमध्ये ठेवल्यावर थर चट्ट्याचट्ट्यांचा बसला आणि तासाभरात पोटेन्शिअल १५ मिलिव्होल्ट सरकलं. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं हे सराफाला विचारायला हवं होतं, केमिस्ट्रीच्या पुस्तकाला नाही. दुसऱ्या खेपेला "शुद्ध द्या, टंच काढलेली" असं सांगितलं. सराफाने तार कशाला हवी ते विचारलं. मी सांगितलं, ब्लीचमध्ये बुडवायचीय. त्याने वजन करायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.

या तारेवर वीस मिनिटांत एकसारखा जांभळट-करडा थर आला. काचेच्या ड्रॉपरच्या टोकाला चायना ग्रासचा बूच, आत ३ मोलर केसीएल (१०० मिलीत २२.४ ग्रॅम). दिवसभरात २-३ मिलिव्होल्टच्या वर हलला नाही. खर्च ३४० रुपये, त्यात पहिली तार वाया.

१७ जानेवारी

फेरिसायनाइडवर (इलेक्ट्रोड तपासायचं नेहमीचं द्रावण) लीड तपासल्या. पाच लीड, पाच वेगळे करंट. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यात १८ टक्क्यांचा फरक.

लीड १० मिमी बुडवायची असं ठरलं होतं, पण ती बुडवणार मी, डोळ्याने. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की पृष्ठभाग दहा टक्क्यांनी बदलतो. शिवाय द्रावण काठाने लीडवर चढतं ते वेगळंच. आम्हाला पकडायचाय तो फरक याहून फार मोठा असेल अशी आशा नव्हती. वर नेलपॉलिशचा पट्टा लावून खाली बरोबर १० मिमी उघडी ठेवली. फरक ५ टक्क्यांवर आला. मोजमाप सुरू करण्याआधी प्रत्येक लीड अॅसिटेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १.४ व्होल्टला एक मिनिट धरायची, तेही आजच ठरलं. त्याने शिखर टोकदार येतं.

२४ जानेवारी

बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा प्रयोग. सात ग्लुकोजच्या कड्या जोडून झालेली ही वाटी, आणि वाटी स्वतः एकाच हाताची, म्हणजे डाव्या-उजव्यातली एकच. एका बाजूचा रेणू तिच्यात नीट बसेल, दुसऱ्या बाजूचा जरा अडखळेल, असा हिशोब. एक टक्का अॅसेटिक आम्लात कायटोसान (वाळल्यावर थर धरणारा पॉलिमर) विरघळवलं, त्यात सायक्लोडेक्स्ट्रिन, लीड बुडवून वाळवली.

०.१ मिलिमोलर एल: ८.४ मायक्रोअँपिअर. लीड धुतली. ०.१ मिलिमोलर डी: ६.४. गुणोत्तर १.३१! तीन लीडवर केलं, तिन्हींवर १.३ च्या आसपास. संध्याकाळी कॉलेज रोडला मिसळ खाल्ली, पार्टनरने दोन पाव जास्त घेतले आणि मी घरी फोन करून सांगितलं की झालं.

२७ जानेवारी

सरांना आलेख दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि एकच विचारलं, "कोऱ्या लीडवर किती येतं?"

केलंच नव्हतं.

दुपारी केलं. कोरी लीड, वर काहीही नाही. एल ८.६, डी ६.७. गुणोत्तर १.२८.

कोऱ्या ग्राफाइटला डावं-उजवं कळायचं काही कारणच नाही. साध्या बफरमध्ये, साध्या पृष्ठभागावर हे दोन रेणू सारखेच वागले पाहिजेत. न वागले तर चूक आपल्या हाताची. पार्टनरने बाटल्यांचा क्रम फिरवला: आधी डी, मग एल. डी ७.९, एल ७.३. पारडं फिरलं.

आम्ही दर वेळी एल आधी मोजत होतो. का? तर वहीत एलचा रकाना डावीकडे आखला होता म्हणून. ट्रिप्टोफॅन ऑक्सिडाइज झालं की त्यातून निघणारा चिकट माल लीडवरच बसतो, आणि पुढच्या मोजणीला जागा कमी उरते. खात्रीसाठी एकाच लीडवर एलच चार वेळा मोजलं: ८.६, ७.३, ६.४, ५.९. शुक्रवारची मिसळ फुकट गेली.

इथून पुढे एक लीड, एक मोजणी, मग कचऱ्यात. लीड दोन रुपयांची आहे, हीच पेन्सिलीची खरी कमाई. ग्लासी कार्बन असता तर दर वेळी अॅल्युमिनाच्या पॉलिश पुडीवर घासत बसलो असतो.

३१ जानेवारी

तरीही एक गोष्ट टोचत होती. ताज्या लीडवर एल ८.६ आणि ताज्या लीडवर डी ७.९. क्रमाचा प्रश्न संपला, मग हे नऊ टक्के कुठले?

सरांनी यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, बसवलं. २८० नॅनोमीटरला ट्रिप्टोफॅन किती शोषतं हे तो डावा की उजवा यावर अवलंबून नसतं, त्यामुळे ही नि:पक्ष मोजणी. ०.१ मिलिमोलरला ०.५६ यायला हवं. एल ०.५६, डी ०.५१. आमचं डीचं द्रावणच पातळ होतं. फ्लास्क उजेडात धरला तर मानेच्या आतल्या बाजूला पांढरी पूड चिकटलेली दिसली. ही पूड पटकन भिजत नाही, तरंगते आणि काचेला धरून बसते. महाग माल म्हणून मी तो चिमटीने जपून टाकला होता, आणि तोच वर राहिला.

आता रीत अशी: वजनावर विसंबायचं नाही. स्टॉक (मूळ द्रावण) जरा घट्ट करायचा, कोमट पाण्यावर हलवायचा, आणि दोन्ही बाटल्या ०.५६ ला येईपर्यंत बफर घालायचं.

बाटल्यांवरची लेबलं खरी आहेत का, हेही पोलॅरिमीटरवर (द्रावण प्रकाश कुठल्या बाजूला वळवतं ते दाखवणारं यंत्र) बघून घेतलं. एक टक्क्याचं द्रावण, २० सेंमीची नळी, एलला सुमारे उणे ०.६ अंश यावं. आमच्या यंत्राचं सर्वांत लहान माप ०.१ अंश, त्यामुळे आकडा काढणं व्यर्थ, पण एल एका बाजूला आणि डी दुसऱ्या बाजूला गेलं एवढं कळलं. सोडियम दिवा तापायला दहा मिनिटं घेतो, त्या आधी घेतलेलं रीडिंग खोडा.

५ फेब्रुवारी

सायक्लोडेक्स्ट्रिन पुन्हा, सगळं सुधारून. प्रत्येकी सहा लीड. गुणोत्तर १.०४, अधिक-उणे ०.०९. म्हणजे काही नाही.

बहुतेक कारण साधं आहे. आम्ही ते कायटोसानमध्ये नुसतं मिसळलं होतं, बांधलं नव्हतं. लिटरभर पाण्यात ते १८ ग्रॅम विरघळतं, मग पाच मिनिटं बफरमध्ये बुडवल्यावर ते आत कशाला थांबेल? थर पिवळा पडलेला दिसत होता तो नुसत्या कायटोसानचा. बांधायच्या रीती आहेत, पण आमच्याकडे वेळ नाही.

१९ फेब्रुवारी

दोन आठवडे काम बंद. पार्टनरच्या बागेची काढणी होती, तो फक्त फोनवर. मी एकटीने वाचन केलं.

परत आला तो क्रेटभर द्राक्षं घेऊन. लॅबमध्ये खायला बंदी म्हणून जिन्यात बसून खाल्ली. ही सगळी भानगड द्राक्षापासूनच सुरू झालेली, हे मी त्याला तिथेच सांगितलं: १८४८ मध्ये पाश्चरने टार्टरिक आम्लाच्या एका मिठाचे स्फटिक भिंगाखाली बघितले, डावे आणि उजवे चिमट्याने वेगळे केले, आणि दोन्ही द्रावणांनी प्रकाश उलटसुलट बाजूंना वळवला. द्राक्षात मात्र एकाच हाताचं टार्टरिक असतं. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या बागेला ते कळतं आणि तुझ्या लीडला कळत नाही." बरोबर आहे.

वाचनातून ठरलं ते हे: साच्याची पद्धत. पॉलिमर वाढताना मध्ये ट्रिप्टोफॅन ठेवायचं, मग ते काढून टाकायचं, त्याच्या आकाराची पोकळी उरते. मोठा फायदा असा की एलचा साचाही करता येतो आणि डीचाही. सायक्लोडेक्स्ट्रिन निसर्गातून एकाच हाताचं मिळतं, त्याची उलटी प्रत आणायची कुठून? इथे दोन्ही हातांचे मोजे आपणच विणायचे. एल-साचा एलला धरतो आणि डी-साचा डीला, असं झालं तरच मी पुन्हा घरी फोन करणार.

२१ फेब्रुवारी

मोनोमर (ज्याच्या कड्या जोडून पॉलिमर होतो तो) ऑर्थो-फिनिलिनडायअमिन. आमच्या तोंडी ओपीडी. "मी ओपीडीत आहे" असं पार्टनरने घरी सांगितलं आणि त्याची आई घाबरली.

विषारी आहे, हातमोजे घाला. द्रावण रोज ताजं करा, हवेत ते पिवळं, मग तपकिरी होतं. पीएच ५.२ च्या अॅसिटेट बफरमध्ये ५ मिलिमोलर ओपीडी, ५ मिलिमोलर एल. १० मिलीच्या सेलला १० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन पुरतं, म्हणजे डीचे आठ रुपये.

व्होल्टेज शून्य ते १.० आणि परत, अशा २० फेऱ्या. थर बसला. साचा काढायला इथेनॉल-पाणी निम्मं निम्मं, अर्धा तास. मग फेरिसायनाइडमध्ये बघितलं तर करंट शून्याला चिकटलेला. पोकळ्या उघडल्या असत्या तर थोडा तरी परत यायला हवा होता. सहाच्या सहा लीड मेल्या.

मध्येच लाइट गेली, यूपीएसने चार मिनिटं तग धरला, पण फाइल वाचवता आली नाही.

२८ फेब्रुवारी

दोन चुका सापडल्या.

पहिली, वरचा व्होल्टेज. १.० पर्यंत गेलं की साच्यासाठी ठेवलेलं ट्रिप्टोफॅनच ऑक्सिडाइज होतं. ज्याचा ठसा घ्यायचा त्यालाच आम्ही मोडत होतो, आणि मोडलेला माल लीडवर चिकटवत होतो. ओपीडी त्याच्या बऱ्याच आधी पॉलिमर व्हायला लागतं. वरची मर्यादा ०.७ केली.

दुसरी, जाडी. हा पॉलिमर वीज वाहू देत नाही, प्रत्येक फेरीला करंट खाली येत जातो. २० फेऱ्यांनी भिंत झाली. ४ फेऱ्यांना थर फाटका, १२ ला पुन्हा भिंत, ८ ला जमलं: साच्यासकट असताना फेरिसायनाइडचं शिखर जवळजवळ गायब, साचा काढल्यावर निम्म्याच्या आसपास परत. हे येणं-जाणं दिसलं की पोकळी उघडली म्हणायला हरकत नाही.

साचा पूर्ण निघाला का, यासाठी कोऱ्या बफरमध्ये मोजा. ०.७ जवळ उंचवटा असेल तर अजून आत आहे. आम्हाला अर्धा नाही, सव्वा तास लागला.

५ मार्च

सव्वा तास इथेनॉलमध्ये ठेवल्यावर नेलपॉलिश मऊ होऊन खाली ओघळलं. तीन लीडच्या टोकावर गुलाबी पापुद्रा. हे आधी सुचायला हवं होतं, नेलपॉलिश कशाने निघतं हे मला सांगायची गरज नाही.

टेफ्लॉन टेप करून बघितली, तिच्या आतून द्रावण वर चढतं. शेवटी मेणबत्ती. वितळलेल्या मेणात लीड वरच्या बाजूने बुडवायची, खालचे १० मिमी उघडे, आणि पेन्सिलीत धरायचं टोक ब्लेडने खरवडायचं. मेण इथेनॉलला दाद देत नाही. दहा रुपयांच्या मेणबत्तीत साठ लीड झाल्या.

१८ मार्च

गेल्या आठवड्यात एल-साचा, आज डी-साचा. प्रत्येक आकडा सहा ताज्या लीडचा, क्रम चिठ्ठ्या टाकून, द्रावणं यूव्हीवर जुळवलेली, मोजण्याआधी पाच मिनिटं भिजवून.

एल-साचा: एल भागिले डी १.३३, अधिक-उणे ०.०७.
बिनसाच्याचा तसाच थर: १.०२, अधिक-उणे ०.०६.
डी-साचा: ०.७७, अधिक-उणे ०.०६.

फिरलं. डी-साच्याने डीला जास्त धरलं. गंमत अशी की १.३३ हा आकडा जानेवारीतल्या त्या खोट्या १.३१ च्या शेजारीच बसतो. नुसता आकडा बघून कुणालाही सांगता आलं नसतं की यातला कुठला खरा.

घरी फोन केला. आईने विचारलं, "मागच्या वेळी झालं होतं ना?"

२१ मार्च

रंगपंचमीनंतरचा लॅबमधला पहिला दिवस. पार्टनरने जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी मारलेली, नखं अजून केशरी. सकाळी कोऱ्या बफरमध्ये एक अनोळखी शिखर आलं, ०.४५ व्होल्टला. बफर बदललं, सेल धुतला, तरी आहेच. मग मी माझ्या हाताने लीड लावली, गेलं. त्याने लावली, आलं. रंग काय होता हे आम्ही तपासलं नाही, पण हातमोजे दोघांनीही घालायचे हा नियम त्या दिवसापासून कडक. त्याआधी तो मोनोमरपुरताच पाळत होतो.

२६ मार्च

आंधळी परीक्षा. लॅबच्या मामांना, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटना, दहा बाटल्या दिल्या, त्यांनी आत काय ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद केलं. बाटल्यांना अ-ब-क दिलं तर आपल्याला पाठ होईल म्हणून त्यांनी नावं ठेवली: गोदा, दारणा, कादवा, वाघाडी, नंदिनी, अशी नद्यांची. नद्या संपल्यावर गंगापूर आणि वैतरणा ही धरणं.

एक अडचण आधीच लक्षात आली होती. एकाच साच्यावर करंट कमी आला तर ते डी आहे की पातळ एल आहे, कसं कळणार? म्हणून प्रत्येक बाटली दोन्ही साच्यांवर मोजली आणि एल-साच्याचा करंट डी-साच्याच्या करंटने भागला. द्रावण घट्ट-पातळ असलं तरी भागाकारात ते कटतं. एकापेक्षा वर गेलं तर एल, खाली गेलं तर डी.

दहातले नऊ बरोबर. दारणा चुकली. तिची लीड काढून बघितली तर मेणाला तडा होता आणि द्रावण वर सरकलेलं. मामा म्हणाले, "दारणेला पाणी जास्तच असतं."

मिश्रणावर मात्र अजून जमलेलं नाही. निम्मं-निम्मं ओळखता येतं. दहा टक्के डी असलेलं एल आणि शुद्ध एल यांतला फरक आमच्या अधिक-उणेमध्ये बुडून जातो. औषधाच्या गोळीत नको असलेला हात शोधायचा तर एक टक्क्याच्याही खाली जावं लागतं. आम्ही तिथून बरेच लांब आहोत, आणि रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय.

४ एप्रिल

साचे टिकतात का ते बघितलं. सहा दिवस कोरडे ठेवलेले: १.१ वर आले. फ्रिजमध्ये बफरमध्ये ठेवलेले: १.२. करायचे त्याच दिवशी वापरा.

हिशोब: रसायनं ५,६०० रुपये, चांदी ३४०, लीड ११ डब्या २७५, मेणबत्ती १०, मिसळ धरलेली नाही. वेळ: तेरा आठवडे, त्यातला एक रेफरन्स इलेक्ट्रोडवर, दोन द्राक्षांवर, आणि काही दिवस वहीतल्या डाव्या रकान्यावर.

डी-ट्रिप्टोफॅन ४.१ ग्रॅम उरलंय, कपाटात डावीकडे. चावी मामांकडे.